बारावीनंतरचे मोकळे वर्ष : नियोजन व उपयोग

उच्च माध्यमिक परीक्षेचे निकाल लागून प्रवेशाची धावपळ संपली, की प्रत्येक गावात काही मुले-मुली अशी उरतात, ज्यांची नावे त्या वर्षी कोणत्याही महाविद्यालयाच्या पटावर चढलेली नसतात. शाळेच्या दप्तरातून ती निघालेली असतात आणि पुढच्या संस्थेच्या दप्तरात आलेली नसतात. शहरांतून या वर्षाला ‘गॅप’ म्हणतात. वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीतले विद्यार्थी ‘ड्रॉप’ किंवा ‘रिपीट’ म्हणतात. आणि खेड्यात, पोरगं यंदा घरीच आहे, एवढ्यावर विषय संपतो. हे वर्ष दोन प्रकारे वाट्याला येते. एक विचार करून घेतलेले असते आणि दुसरे अंगावर पडलेले असते. पहिल्याला आरंभ, शेवट आणि हेतू असतो. दुसऱ्याला फक्त आरंभ असतो, आणि पुष्कळदा ते एका वर्षावर थांबतही नाही. अंगावर पडलेल्या वर्षाचे रूपांतर ठरवून घेतलेल्या वर्षात करता येते काय, आणि येत असल्यास त्यात शिक्षक व ग्रामपंचायत यांचे काम कोणते, याचा विचार येथे केला आहे.

युसूफ वडगावच्या परिसरात

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव हे गाव या प्रश्नाचा विचार करताना डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. परिसर मांजरा खोऱ्याचा. मांजरा नदीवरील धनेगावचे धरण याच तालुक्यात आहे. गावाला पोलीस ठाणे आहे, पण महाविद्यालयीन शिक्षणासाठी येथील विद्यार्थ्याची नजर केज, अंबाजोगाई किंवा कळंबकडे वळते आणि पदरी पैसा असेल तर लातूरकडे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या भागात डॉक्टर होण्याची आकांक्षा इतकी सार्वत्रिक का, याचे थोडेफार उत्तर त्यात मिळते. गावातला रुग्ण ज्या इमारतीत नेला जातो, तिथेच आपल्या मुलाने शिकावे असे आईवडिलांना वाटणे स्वाभाविक आहे.

जिल्ह्याचे दुसरे वास्तव ऊसतोडीचे आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास, परततात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असा हिशेब असतो. या वेळापत्रकाचा विद्यार्थ्याच्या मोकळ्या वर्षाशी अगदी जवळचा संबंध आहे. जून ते ऑक्टोबर हे महिने घर भरलेले असते आणि शेतीची कामे चालू असतात. पुढचे पाच-सहा महिने घर रिकामे असते किंवा विद्यार्थीच टोळीबरोबर गेलेला असतो. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि बहुतेक प्रवेशपरीक्षा एप्रिल-मेमध्ये असतात. म्हणजे अभ्यासाचा खरा भर जेव्हा हवा, नेमका तेव्हाच घराचा आधार नसतो. शहरातील मुलासाठी लिहिलेले अभ्यासाचे वेळापत्रक या मुलाच्या हाती देऊन उपयोग नाही, तो यामुळे.

वर्ष मोकळे पडण्याची कारणेही येथे वेगळी दिसतात. गुण कमी पडणे हे त्यांतील एक, आणि तेच तेवढे सर्वांना दिसते. परंतु जात वैधता प्रमाणपत्र वेळेवर न मिळणे, उत्पन्नाचा दाखला किंवा नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत संपलेली असणे, पहिल्या हप्त्याचे शुल्क जमा न होणे, आई आजारी पडल्याने धाकट्या भावंडांसाठी मुलीने घरी थांबणे, ही कारणे निकालपत्रावर कोठेच उमटत नाहीत.

मुलीच्या बाबतीत या रिकाम्या वर्षाचा अर्थ अधिक कठोर होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाल्याचे आढळले. शाळेचे नाव पटावर असेपर्यंत ‘ती शिकत आहे’ हे स्थळ नाकारायला पुरेसे कारण असते. पटावरचे नाव गेले की ते कारणही जाते. शिवाय जोडीला कोयता मिळत असल्याने लवकर लग्न हा उचलीच्या हिशेबाचाही भाग होतो. म्हणून दहावीनंतर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे एक वर्ष मोकळे जाणे आणि बारावीनंतर मुलाचे एक वर्ष मोकळे जाणे, या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येणार नाहीत. मोकळ्या वर्षाची शिफारस करताना हा फरक विसरणारा सल्लागार मुलीचे नुकसानच करील.

आधी वर्ष वाचते का ते पाहावे

नियोजनाचा पहिला भाग वर्ष घ्यावे की न घ्यावे हा आहे. पुष्कळ मुलांचे वर्ष केवळ माहिती नसल्यामुळे जाते. एखाददुसऱ्या विषयात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यासाठी २०१५ साली दहावीला निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा घेण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती बारावीलाही लागू झाली. त्यापूर्वी ऑक्टोबरच्या परीक्षेची वाट पाहावी लागे आणि वर्ष जवळजवळ गेल्यातच जमा असे. पुरवणी परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. निकालाच्या दिवशी रागावलेले वडील आणि लाजलेला मुलगा या दोघांनाही त्या मुदतीची आठवण नसते. ती आठवण मुख्याध्यापकाने ठेवायची आहे. शाळा सुटून गेलेल्यांसाठी १७ क्रमांकाचा अर्ज भरून खाजगीरीत्या परीक्षेस बसण्याची सोय आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्रवेश अनेक फेऱ्यांत चालतात. पहिल्या फेरीत नाव न लागलेल्या मुलाने पुढील फेऱ्यांकडे पाठ फिरवू नये. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले ते मुख्यतः अशांसाठीच, ज्यांना काम सोडून वर्गात बसता येत नाही. मुक्त विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला नाव घालून त्याबरोबर एखाद्या प्रवेशपरीक्षेची किंवा भरतीची तयारी करणे अनेकांना साधते. असे केल्यास कागदोपत्री खंडच पडत नाही, आणि मुलीच्या बाबतीत पटावर नाव राहते. वर सांगितलेल्या कारणासाठी ही गोष्ट लहान नव्हे.

प्रवेशपरीक्षा पुन्हा देण्यासाठी वर्ष घ्यायचे असेल तर तिचे नियम आधी वाचावेत. अभियांत्रिकीच्या उच्च संस्थांसाठी असलेली जेईई अ‍ॅडव्हान्स्ड ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत जास्तीत जास्त दोन वेळा देता येते. बारावीच्या वर्षी ती दिली असेल तर मोकळ्या वर्षात एकच संधी उरते. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला मात्र प्रयत्नांची मर्यादा नाही, आणि कमाल वयाची अटही २०२२ साली उठली. वरवर पाहता ही सवलत आहे. प्रत्यक्षात या सवलतीने अनेक घरांत एकाचे दोन आणि दोनाची तीन वर्षे केली आहेत, कारण थांबायचे कधी हे सांगणारा नियमच राहिला नाही. २०२५ साली सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी नीट दिली, आणि देशभरातील एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून थोड्या अधिक होत्या. त्यांतही कमी शुल्काच्या शासकीय जागा निम्म्याच्या आसपास. हे आकडे पालकांच्या सभेत फळ्यावर लिहून दाखवावेत. गेल्या वर्षीच्या प्रवेशाच्या शेवटच्या गुणांपासून विद्यार्थी किती अंतरावर राहिला, ते अंतर कोणत्या विषयात पडले, आणि त्या विषयाचा अभ्यास पूर्वी झाला नव्हता की होऊनही गुण आले नाहीत, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय वर्ष घेण्याचा निर्णय करू नये. अभ्यासक्रमाचा काही भाग मुळी झालाच नव्हता, अशा विद्यार्थ्याला वर्षाचा लाभ होण्याचा संभव अधिक. सर्व अभ्यास पूर्ण करूनही फार मागे राहिलेल्याला तेच वर्ष तसेच पुन्हा काढून फारसे मिळत नाही.

वाईचे एक वर्ष

ठरवून घेतलेल्या वर्षाचे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. विनोबा भावे १९१६ साली इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले असता वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले, आणि त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादजवळील कोचरबच्या आश्रमात गांधीजींना भेटले. आश्रमात काही काळ राहिल्यावर १९१७ साली त्यांनी गांधीजींची परवानगी घेऊन एक वर्षाची रजा घेतली. हेतू दोन होते. प्रकृती सुधारणे आणि संस्कृतचे अध्ययन करणे. त्यासाठी ते सातारा जिल्ह्यातील वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे गेले.

या वर्षाचा जो वृत्तान्त त्यांनी १९१८ च्या फेब्रुवारीत गांधीजींना पत्राने कळवला, तो पालक व शिक्षकांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्यात आपण काय काय शिकलो याची यादी आहे : उपनिषदे, गीता, ब्रह्मसूत्रे व त्यांवरील शांकरभाष्य, मनुस्मृती, पातंजल योगदर्शन. परंतु यादी तेथे थांबत नाही. आपण कोणाला काय शिकवले, हेही त्यात आहे. गीतेचे आणि ज्ञानेश्वरीचे वर्ग त्यांनी मोबदला न घेता चालवले, हिंदीच्या प्रसाराचे काम केले. वाईत त्यांनी विद्यार्थी मंडळ काढले. त्या मंडळाच्या वाचनालयाला पैसा हवा म्हणून मुलांनी जात्यावर दळण दळून देण्याचे काम घेतले आणि दळणावळीचे पैसे पुस्तकांसाठी वापरले. सुमारे चारशे मैलांचा पायी प्रवास करून गडकिल्ले पाहिले. प्रकृतीचे काय झाले, आहार कोणता ठेवला, व्रते कोणती पाळली, हेही लिहिले आहे. आणि ठरल्याप्रमाणे वर्ष संपताच ते आश्रमात परतले.

विनोबांची विद्वत्ता किंवा वैराग्य सामान्य विद्यार्थ्याने घ्यावे असे कोणी म्हणणार नाही. घेण्यासारखी आहे ती वर्षाची घडण. रजेला मुदत होती. ज्याला जाब द्यायचा तो माणूस ठरलेला होता. एक मुख्य काम होते आणि त्याच्या भोवती अंगमेहनतीचे, शिकवण्याचे व फिरण्याचे काम होते. आणि शेवटी हिशेब होता. दिवसभर एकाच खोलीत एकाच पुस्तकासमोर बसणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याच्या वर्षात यांतील मुख्य काम तेवढे असते, बाकीचे काहीच नसते. सहाव्या-सातव्या महिन्यात त्याचा उत्साह ओसरतो, त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

सर्वांसाठी असे एक वर्ष असावे, हा विचारही आपल्याकडे झालेला आहे. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय सेवा समितीने अशी शिफारस केली, की माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवेत घालवावे आणि ते सक्तीचे असावे. (विनोबांचे गागोदे आणि देशमुखांचे जन्मगाव नाते ही दोन्ही गावे आजच्या रायगड जिल्ह्यातली, हा योगायोग.) खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणी पाहता ही योजना त्या स्वरूपात स्वीकारली गेली नाही. पुढे २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती मात्र ऐच्छिक आणि शिक्षण चालू असतानाची. आयर्लंडने १९७४ मध्ये माध्यमिक शिक्षणाच्या मधोमध असे एक ऐच्छिक संक्रमण-वर्ष आणले. त्यात मुले शाळेच्याच पटावर राहून कामाचा अनुभव घेतात. आपल्याकडे जे वर्ष पडते त्याला असा पट नाही, आणि आपल्या अडचणीचे मूळ बरेचसे तेथे आहे.

वर्षाची आखणी

वर्ष घ्यायचे ठरल्यास प्रथम ते कागदावर उतरवावे. एक पान पुरे. वर्ष कशासाठी घेतले, ते कोणत्या तारखेला संपेल, मुख्य काम कोणते, जोडकाम कोणते, दरमहा खर्च किती व तो कोण देणार, आणि दर महिन्याला विचारणारा माणूस कोण, एवढे त्यावर असावे. विचारणारा माणूस शक्यतो वडील नसावेत. वडिलांनी विचारले की त्याची चौकशी होते आणि चौकशी झाली की मुले खोटे सांगतात. शाळेतील एखादे गुरुजी, आशा सेविका, ग्रंथपाल किंवा बँकेत असलेला गावातला मुलगा हे काम अधिक चांगले करतील.

समजा, एका मुलीने विज्ञान शाखेतून बारावी केली, नीटमध्ये गुण कमी पडले आणि आईवडील ऊसतोडीला जाणारे आहेत. तिच्या वर्षाचे चार भाग सहज पडतात. जून ते ऑगस्ट हा कागदपत्रांचा आणि पायाचा काळ. जात वैधतेचा प्रस्ताव जिल्हा समितीकडे दिला नसेल तर तो लगेच द्यावा, कारण पुढील वर्षी पुन्हा त्याच कागदावर वर्ष अडले तर त्याला क्षमा नाही. त्याच काळात मुक्त विद्यापीठाचा किंवा जवळच्या महाविद्यालयाचा प्रवेश घेऊन ठेवावा. अकरावीच्या अभ्यासक्रमातील जे भाग बारावीच्या घाईत राहून गेले, ते या महिन्यांत करावेत. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत अकरावी आणि बारावी दोन्हींचा अभ्यास विचारतात, आणि गावातील बहुतेकांचे अंतर अकरावीतच पडलेले असते.

सप्टेंबर ते दिवाळी हा दुसरा भाग, आणि वर्षातला सर्वांत महत्त्वाचा. या काळात पूर्ण वेळेच्या निदान तीन सराव परीक्षा घड्याळ लावून द्याव्यात आणि गुण त्या एका पानावर मांडावेत. दिवाळीपूर्वी, म्हणजे घर ऊसतोडीला निघण्यापूर्वी, आईवडील, विद्यार्थिनी आणि विचारणारा माणूस यांनी एकत्र बसून ते गुण पाहावेत. गुण वाढत असतील तर वर्ष पुढे चालवावे. वाढत नसतील तर नर्सिंग, औषधनिर्माणशास्त्र, कृषी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान यांपैकी दुसरी वाट त्याच बैठकीत ठरवावी आणि तिच्या प्रवेशपरीक्षेची नोंद करावी. हा निर्णय मे महिन्यापर्यंत ढकलला की दुसरी वाटही हुकते.

दिवाळी ते फेब्रुवारी हा तिसरा भाग. या वेळी प्रश्न अभ्यासाचा नसून जेवणाखाण्याचा आणि निवाऱ्याचा असतो. हंगामी वसतिगृहे आहेत ती मुख्यतः शाळेत जाणाऱ्या लहान मुलांसाठी. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेला २०२१ साली मंजुरी मिळाली, परंतु वसतिगृहाचा प्रवेश चालू शिक्षणाशी जोडलेला असतो आणि मोकळ्या वर्षातील विद्यार्थी बहुधा त्यात बसत नाही. मुलगी आजीजवळ राहणार, मावशीकडे राहणार की टोळीबरोबर जाणार, हे ऑक्टोबरमध्येच ठरले पाहिजे. टोळीबरोबर गेलेल्या मुलीचा अभ्यास झाला, असे फार क्वचित घडते. पहाटे तीन-चारला उठून थळात गेलेल्या माणसाला रात्री पुस्तक उघडवत नाही, आणि यात तिचा काही दोष नाही. मार्चपासून परीक्षेपर्यंतचा चौथा भाग सर्वांनाच ठाऊक असतो. त्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

शहरातील शिकवणीचा प्रश्न येथे येतोच. लातूरला ‘रिपीटर’ विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वर्ग चालतात आणि मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून मुले तेथे जातात. त्यांतून अनेकांना यश मिळाले, हे खरे आहे. तथापि शिकवणीचे शुल्क, खोलीचे भाडे आणि खानावळ मिळून होणारा खर्च उचल घेऊन किंवा जमीन गहाण ठेवून करायचा असेल, तर दिवाळीच्या बैठकीची अट त्याला दुप्पट कठोरपणे लावावी. कर्ज काढून घेतलेले वर्ष मध्येच थांबवणे सर्वांत अवघड जाते, आणि ‘इतका खर्च केला, आता आणखी एक वर्ष’ हे वाक्य बहुतेक वेळा तेथूनच येते.

ज्यांना प्रवेशपरीक्षा द्यायची नाही, परंतु पैशाअभावी वर्ष थांबावे लागले, त्यांचे वर्ष कमाईचे असणार. त्यांनी मजुरीऐवजी शक्य तेथे शिकत कमावण्याचे काम निवडावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली आस्थापनांतून विद्यावेतनावर प्रशिक्षण मिळते. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हा बारावी उत्तीर्ण उमेदवारास दरमहा ६,००० रुपये विद्यावेतन आणि सहा महिन्यांचा कालावधी होता. पुढे २०२५ मध्ये कालावधी वाढवून अकरा महिने करण्यात आला. शिक्षण चालू असलेल्यास त्या योजनेचा लाभ नव्हता, म्हणजे ती मोकळ्या वर्षातील तरुणाला सोयीची होती. अशा योजनांच्या अटी व मुदती बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी त्या वर्षीचा शासन निर्णय पाहणे आवश्यक. अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रातील अल्पमुदतीची प्रशिक्षणेही घरची शेती असलेल्या मुलाला उपयोगी पडतात. कमाईच्या वर्षातला धोका वेगळा आहे. हातात पैसा येऊ लागला, घर त्या पैशावर चालू लागले, की परतणे कठीण होते. म्हणून कमाईतील ठराविक रक्कम पुढील वर्षाच्या शुल्कासाठी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यावर पहिल्या महिन्यापासून बाजूला काढावी.

पोलीस व सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांची संख्या या भागात मोठी आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले केज-अंबाजोगाई भागात नवी नाहीत. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, त्याबरोबर १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते, आणि नंतर लेखी परीक्षा. ही मुले शरीर कमावतात आणि लेखी परीक्षेत मागे पडतात, असे वारंवार दिसते. भरतीची तारीख आपल्या हाती नसल्याने या वर्षालाही शेवटची तारीख आपणच घालावी लागते, आणि पदवीचा प्रवेश सोडून ही तयारी करू नये.

शाळा आणि ग्रामपंचायत यांचे काम

निजामी राजवटीत, १९३८ च्या अखेरीस, ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून शेकडो विद्यार्थी काढले गेले. बीड तेव्हा त्याच संस्थानात होते. नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांना प्रवेश दिला आणि त्यांचे शिक्षण पुढे चालू राहिले. दार उघडणारी संस्था भेटली, म्हणून ते शिक्षण तुटले नाही. आजच्या मोकळ्या वर्षाच्या प्रश्नात असे दार शोधून देण्याचे काम गावपातळीवर कोणावर तरी सोपवलेले असावे.

त्यासाठी नव्या योजनेची किंवा निधीची गरज नाही. एक नोंदवही पुरे. जुलैअखेर मुख्याध्यापकांनी दहावी व बारावीला बसलेल्या आपल्या सर्व विद्यार्थ्यांची यादी करून प्रत्येकापुढे तो आता कोठे आहे हे लिहावे. ज्यांच्यापुढे काही लिहिता येत नाही, तीच मोकळ्या वर्षातील मुले. युसूफ वडगावएवढ्या गावात ही यादी दोन-तीन संध्याकाळींत पूर्ण होऊ शकते. यादीतील प्रत्येक नावापुढे कारण, ठरलेले काम आणि परतण्याचा महिना लिहावा आणि ती ग्रामपंचायतीच्या शिक्षणविषयक बैठकीत ठेवावी. यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचू नये. नापास झालेल्या मुलाचे नाव चारचौघांत घेतले गेले, की तो पुढच्या वर्षी यादीतच सापडत नाही.

अठरा वर्षांखालील मुलींची नावे ग्रामसेवकाने वेगळी काढावीत. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक अधिनियमाखाली गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी त्याच्याकडेच आहे. लग्नाची कुणकुण लागल्यावर धावाधाव करण्यापेक्षा, जुलै महिन्यात त्या मुलीचा १७ क्रमांकाचा अर्ज भरला गेला की नाही हे पाहणे त्याला सोपे आणि मुलीला अधिक हिताचे आहे. त्यातूनही वेळ आलीच तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर दिसेल असा लिहिलेला असावा.

ग्रामपंचायतीकडे एखादी खोली असतेच. दिवाळीनंतर पाच महिने ती सायंकाळी अभ्यासासाठी उघडी ठेवावी. वीज, चार बाके आणि किल्ली सांभाळणारा माणूस एवढीच सोय लागते. मुलींसाठी वेळ उजेडाची ठेवावी. यादीतील बारावी उत्तीर्ण मुलांनी याच खोलीत आठवड्यातून दोन दिवस सातवी-आठवीच्या मुलांना गणित शिकवावे. शिकवणाऱ्याचा स्वतःचा पाया त्याने पक्का होतो, आणि मागे राहिलेल्या लहान मुलांना गावातल्या गावात शिक्षक मिळतो.

परतताना

पुढील जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी खंडाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात खंड पडलेल्या विद्यार्थ्याकडून त्याबाबतचे प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र मागतात. त्या काळात अन्य कोठे प्रवेश घेतला नव्हता, किंवा घेतला असल्यास तो रद्द केला, हे त्यात खरेखुरे लिहावे लागते. मुक्त विद्यापीठात नाव घातले असेल तर ते लपवू नये. त्या संस्थेकडून शाळा सोडल्याचा मूळ दाखला वेळेवर परत घ्यावा, कारण दाखला एका महाविद्यालयात आणि विद्यार्थी दुसऱ्याच्या दारात, अशी स्थिती दरवर्षी काहींची होते. उत्पन्नाचा दाखला आणि आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र नव्या वर्षाचे लागते. ते मे महिन्यातच काढून ठेवावे. शिष्यवृत्तीच्या व वसतिगृहाच्या योजनांत खंडाविषयीच्या अटी सारख्या नसतात, म्हणून समाजकल्याण कार्यालयात विचारूनच अर्ज भरावा. प्रवेश झाल्याची पावती मिळताच त्या महाविद्यालयाचे नाव शाळेच्या नोंदवहीत विद्यार्थ्याच्या नावापुढे लिहावे. ज्यांच्यापुढचा रकाना ऑगस्टमध्येही कोरा राहील, त्यांच्या घरी मुख्याध्यापकांनी स्वतः जावे.